ओव्याची बाटली

आमच्या सरांइतका विसराळू माणूस पनवेलच्या खाडीपासून खंडाळ्याच्या घाटापर्यंत दुसरा झाला नाही, आणि माणसाच्या डोक्यात आठवण कशी तयार होते हे त्यांच्याइतकं जीव तोडून शिकवणाराही दुसरा झाला नाही. पण त्यांच्या गमती सांगण्याआधी एक गोष्ट बोलून टाकतो, कारण ती मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. सर दरवर्षी एका ठरलेल्या तारखेला कोळीवाड्यात एका घरी जाऊन माफी मागतात. ज्या चुकीची मागतात ती चूक त्यांनी केलेली नाही, ती मी केली. त्यांना तिथे मीच नेतो, माझ्या स्कूटरवर मागे बसवून. ते हात जोडत असतात तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत बसून चहा पीत असतो.

मी त्यांच्या शाळेत प्रयोगशाळेचा मदतनीस होतो. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे आणि कपाटांच्या किल्ल्या सांभाळायच्या. सरांना कुणाचंच नाव लक्षात राहायचं नाही, त्यामुळे ते माणसांना कामावरून हाक मारायचे. शिपाई ‘घंटा’, ऑफिसातले कारकून ‘पगार’, आणि मी ‘किल्लीदार’. माझं लग्न झालं तेव्हा पाकिटावर त्यांनी ‘चि. किल्लीदार यांस’ असं लिहिलं होतं आणि आत घालायचं ते घरीच विसरले होते. पायात दोन वेगळ्या चपला हा तर आठवड्याचा कार्यक्रम. एकदा ते स्कूटरवरून पळस्प्याच्या फाट्याला गेले, टपरीवर चहा प्याले, कुणा ओळखीच्या माणसाशी बोलत बोलत सहाआसनी रिक्षात बसून परत आले, आणि संध्याकाळी घरासमोर स्कूटर दिसेना तेव्हा थेट पोलिसांत तक्रार देऊन आले. चार दिवसांनी टपरीवाल्याचा निरोप आला, ‘मास्तरांची गाडी सावलीत लावून ठेवलीय, सकाळी पुसतो पण.’ तक्रार मागे घ्यायला सर निघाले, ते पुन्हा टपरीवर चहा पिऊन परत आले. तक्रार कदाचित अजूनही तशीच असेल.

कुणी या विसराळूपणावर हसलं की सर गंभीर व्हायचे. ‘विसरणं हा बिघाड नाही रे,’ म्हणायचे, ‘मेंदू केर काढतो. ज्याच्या घरात केर निघतच नाही त्याच्याकडे बसायला जागा कुठे?’ मग खिशातून तपकिरीची डबी काढायची, चिमूट ओढायची, डोळे पुसायचे आणि पुढचा तासभर ठेवायचं काय आणि काढायचं काय हे मेंदू कसं ठरवतो ते सांगायचं. हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. प्रकाशाचं परावर्तन शिकवता शिकवता ते केव्हा मेंदूत शिरायचे ते पोरांना कळायचंही नाही, आणि परावर्तन बाजूलाच राहायचं.

त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे दाराचा. मेंदूतल्या पेशीला बारीक बारीक दारं असतात आणि त्यांतल्या एका खास दाराच्या तोंडात मॅग्नेशियम बुचासारखं अडकून बसलेलं असतं, हे समजवायला ते प्रयोगशाळेच्या दाराच्या फटीत लाकडाची पाचर ठोकायचे. बाहेर एक पोरगा उभा, तो ग्लुटामेट, म्हणजे शेजारच्या पेशीचा निरोप्या. त्याने एकट्याने कितीही ढकललं तरी दार हलायचं नाही. आतून पोरांनी एकट्यांनी ओढलं तरी हलायचं नाही. ‘आता दोघं मिळून!’ सर ओरडायचे. बाहेरून धक्का आणि आतून ओढ एकदम आली की पाचर टुणकन उडायची, दार उघडायचं आणि व्हरांड्यात रांगेत उभी केलेली अख्खी ‘ब’ तुकडी आत घुसायची. ही तुकडी म्हणजे कॅल्शियम. ‘कॅल्शियम आत शिरलं की पेशीत हाकाटी होते,’ सर सांगायचे, ‘गवंडी बोलवा, विटा आणा! मग नवी प्रथिनं तयार होतात, दोन पेशींमधली वाट पक्की बांधली जाते. ती झाली टिकाऊ आठवण. बाकीचं सगळं वाळूवर काढलेलं चित्र.’ एका पावसाळ्यात पाचर फुगली आणि तीस पोरं दीड तास आत अडकली. सुतार येऊन दार उतरवेपर्यंत हेडमास्तर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते आणि सर आतून आनंदाने सांगत होते, ‘आजचा धडा ही पोरं जन्मात विसरायची नाहीत!’

त्यात ते चुकीचं बोलले नव्हते. भीती वाटली, धक्का बसला की शरीरात जे रसायन उसळतं ते आधीच्या काही मिनिटांची आठवणसुद्धा घट्ट बसवतं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून महत्त्वाचं सूत्र सांगून झालं की ते खिडकीशी जायचे, खाकी पिशवी फुगवायचे आणि पोरांच्या मागे जाऊन फाडकन फोडायचे. पहिल्यांदा हा आवाज झाला तेव्हा खालच्या मजल्यावर ‘घंटा’च्या हातून हेडमास्तरांच्या पाहुण्यांचे सहा कप खाली आले. त्यानंतर पिशवी बंद झाली, आणि सरांनी वास सुरू केले.

प्रत्येक धड्याला एक वास. औषधाच्या छोट्या बारा बाटल्या त्यांनी जमवल्या होत्या, प्रयोगशाळेत एका फळीवर ओळीने ठेवलेल्या असायच्या. ध्वनीला कापूर, उष्णतेला रॉकेल, आनुवंशिकतेला सुकट, चुंबकत्वाला ओव्याचं पाणी. धडा शिकवताना बाटली वर्गातून फिरायची. ‘वास हा आठवणीच्या घरातला नातेवाईक आहे,’ सर म्हणायचे, ‘त्याला दारावर थांबावं लागत नाही, तो थेट माजघरात जातो.’ परीक्षेच्या दिवशी मुलांनी त्या त्या वासाचा रुमाल घेऊन बसायचं. एका वर्षी दुसऱ्या शाळेतून आलेल्या पर्यवेक्षक बाईंनी पाहिलं, की पेपर हातात पडल्याबरोबर अख्खा वर्ग नाकाला रुमाल लावून डोळे मिटून बसलाय. कॉपी समजून त्यांनी सगळे रुमाल जप्त केले, उलटेपालटे केले, उजेडात धरले. एक अक्षर सापडलं नाही. शेवटी अहवालात त्यांनी लिहिलं, ‘रुमालांवर मजकूर नाही. दहा रुमालांस सुकटीचा वास.’

या सगळ्यातली खरी मौज मला आणि शाळेतल्या दोनचार जणांनाच ठाऊक होती. वर्षानुवर्षं तपकीर ओढून सरांचं नाक गेलेलं होतं. त्यांना स्वतःला कसलाच वास यायचा नाही. बाटल्या विसळून ठेवायचं काम माझं, भरायचं काम त्यांचं, आणि भरली की बरोबर भरली का हे ते मलाच विचारायचे. ‘किल्लीदार, हुंग जरा. कापूरच आहे ना?’ मी हुंगायचो आणि हो म्हणायचो. त्यांच्या बारा बाटल्यांचं नाक म्हणजे मी होतो.

आता त्या गुरुवारचं सांगतो. दुसऱ्या दिवशी सामानाची वार्षिक तपासणी होती आणि संध्याकाळी आवरताना अमोनियाच्या मोठ्या बाटलीची मान माझ्या हातून तडकली. आत तळाशी थोडा जहाल अमोनिया उरलेला. टाकला तर रजिस्टरात कमी दिसणार, ठेवावा तर बूच बसत नाही. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, मान्यतेचा कागद आलेला नव्हता. आणि साडेपाचला मला कामोठ्याला पोचायचं होतं. नवीन लग्न, भाड्याची खोली, एजंट एक फ्लॅट दाखवणार होता आणि बायको स्टँडवर वाट बघत होती. फळीवर नुकतीच विसळून ठेवलेली ओव्याची बाटली दिसली. तिला अजून ओव्याचा वास येत होता, डोक्यावर ट्यूबलाइट फडफडत होती. मी अमोनिया तिच्यात ओतला, बूच घट्ट लावलं, एक कोरी चिकटपट्टी डकवली. पेन चालेना. सकाळी लिहू म्हटलं आणि बाटली तिच्या जागेवर ठेवून कुलूप लावलं.

सकाळी मी बँकेत चलन भरायला गेलो होतो. सरांनी स्वतःच्या चावीने प्रयोगशाळा उघडली, ओव्याची बाटली भरलेली दिसली, आणि आपणच भरून विसरलो असू असं समजून ती घेऊन नववीच्या वर्गात गेले. चुंबकत्वाचा धडा होता. पहिल्या बाकावर हर्षदा बसायची, कोळीवाड्यातली, वर्गात सगळ्यात हुशार. ‘खोल श्वास घे,’ सरांनी तिला सांगितलं. तिने घेतला.

मी परत आलो तेव्हा तिला रिक्षात घालत होते. तिचा चेहरा, तोंडावरचा ओला टॉवेल, पायरीवर पडलेली एक वही, सगळं मला आजही समोर दिसतं. सरांच्या भाषेत सांगायचं तर त्या मिनिटाला माझ्या डोक्यातली सगळी बुचं एकदम उडाली. आठवडाभरात ती घरी आली, डोळे वाचले, पण वास गेला. पुढे काही महिन्यांनी परत आला तो अर्धाच. तिची आई मासळी बाजारात बसायची. ती डोक्यावरची पाटी न उतरवताच ऑफिसात आली आणि म्हणाली, ‘मास्तर, माजी पोरगी हुशार हाय म्हनून तुजे हाती दिली. आता मासा ताजा हाय का नाय ते तिला नाकानं कलत नाय. आमचे घरान नाक नाय तर काय हाय?’

हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं, बाटलीत ते कुणी भरलं. मी दारात उभा होतो, किल्ल्यांचा जुडगा हातात. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील. पण ते आपलं डोकं चाचपत असल्यासारखे बोलले, ‘बाटल्या माझ्या, खूळ माझं. मीच भरली असणार. मला आठवत नाही, पण मला काय आठवतं?’ कुणीतरी हसलंसुद्धा. जुडगा वाजू नये म्हणून मी मुठीत घट्ट आवळून धरला होता. तेवढीच काय ती माझी त्या दिवशीची कामगिरी.

बाटल्या फेकल्या. सरांकडून विज्ञान काढून घेतलं आणि त्यांना ग्रंथालयाचे तास दिले. पुढल्या वर्षी पर्यवेक्षक व्हायचे होते, ते राहिलं. माझा मान्यतेचा कागद दिवाळीनंतर आला. कामोठ्याचा तो फ्लॅटही झाला. मी आजही त्याच फ्लॅटमध्ये राहतो.

पहिल्या वर्षी त्या तारखेला सर म्हणाले, ‘किल्लीदार, स्कूटर काढ. माझी कुठे आहे कोण जाणे.’ हातात ओव्याची पुडी होती. हर्षदाच्या घरी जाऊन त्यांनी हात जोडले, पुडी दिली, तिला अंतर ठेवून हुंगायला लावलं आणि विचारलं, ‘येतो का?’ ती म्हणाली, ‘थोडा थोडा येतो, सर.’ तेव्हापासून हा नेम झाला. जो माणूस स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस कधी लक्षात ठेवू शकला नाही, तो ही तारीख एकदाही चुकला नाही. हर्षदा आता कामोठ्यातच रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते, पण त्या दिवशी आवर्जून माहेरी येते. तिची आई आता थकली, तोंड मात्र तसंच आहे. ‘आला का र मास्तर? ये, बस. दरसाल आमी तुला माफी देतो, आन तू जाताना रस्त्यान कुटं इसरून जातंस? यंदा पिशवी आनली हाय का?’ मग ती त्यांना जेवायला वाढते, काटा काढून. मलाही वाढते. मीही जेवतो.

या भेटींत एक गोष्ट घडत गेली, आणि ती मी घडू दिली. पहिल्या वर्षी सर एवढंच म्हणाले होते, की मीच भरली असणार. मग त्यांना तो गुरुवार आठवायला लागला. एका वर्षी जाताना मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, ‘त्या दिवशी ट्यूबलाइट पण फडफडत होती नाही का?’ पुढच्या वर्षी ती ट्यूबलाइट त्यांच्या गोष्टीत आली. आणखी एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, की बाटली विसळली तरी ओव्याचा वास राहिलाच होता. तोही गेला त्यांच्या गोष्टीत. ‘बूच मी घट्ट लावलं होतं बघ,’ ते हर्षदाला सांगायला लागले, ‘मला वाटलं लेबल लावावं. पण घाई होती.’ कसली घाई ते त्यांना सांगता यायचं नाही. मग माझ्याकडे वळून विचारायचे, ‘हो ना रे, किल्लीदार?’ आणि मी म्हणायचो, ‘हो सर.’ पूर्वी कापराला म्हणायचो तसंच. त्यांच्या रिकाम्या जागेत माझी आठवण मी थोडी थोडी ओतत गेलो, वर लेबल न लावता.

यंदाची तारीख मागच्याच महिन्यात होऊन गेली. जेवून निघालो तेव्हा दुपार होती. सर म्हणाले, पळस्प्याला चहा पिऊ. टपरी जुनीच आहे, आता मुलगा चालवतो. तो सरांना पाहून म्हणाला, ‘मास्तर, आज गाडी घेऊन जायची, हां!’ आम्ही हसलो. मग सरांनी खिशात तपकिरीची डबी शोधली. डॉक्टरांनी सोडायला लावून दहा वर्षं झालीत, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. रिकामा हात मांडीवर ठेवून ते बोलायला लागले.

‘किल्लीदार, मला एक शंका आहे. आठवण फळीवरून खाली काढली ना, की ती पुन्हा ओली होते. नवी प्रथिनं तयार होऊन ती परत पक्की व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात तिच्यावर कुणाचंही बोट उमटू शकतं. जी आठवण आपण फार वेळा काढतो, फार वेळा सांगतो, तिचा भरवसा कमी. मी ही दरवर्षी काढतो.’

‘हो सर,’ मी म्हणालो.

‘मला त्या बाटलीचा वास आठवतो. ओव्याचा. अमोनिया ओतायच्या आधीचा.’ ते रस्त्यावरच्या ट्रककडे बघत होते. ‘पण मला तर तेव्हा वासच यायचा नाही. मग हा वास कुणाच्या नाकातला आहे?’

मी ग्लास तोंडाला लावला. तो रिकामा होता.

‘तू हे कधी कुणाला सांगितलं नाहीस,’ सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. वर्गात अडलेल्या पोराला विचारायचे तसंच ते विचारत होते. ‘तुझी प्रत स्वच्छ असेल. तू सांग, ती बाटली मीच भरली ना?’

बाहेरून धक्का आला होता. इतकी वर्षं माझ्या आतूनही ओढ होतीच. दोन्ही एकदम आलं की दार उघडतं, हे मी त्यांच्याच दारापाशी पाचर ठोकून देताना शंभरदा पाहिलेलं आहे. मी म्हणालो, ‘सर, चहा निवतोय तुमचा.’

सरांनी ग्लासाला हात लावून पाहिला. मग म्हणाले, ‘हो रे. निवतोय खरा,’ आणि बशीत ओतून सगळा चहा प्याले. परत येताना ते नेहमीसारखे माझा खांदा धरून मागे बसले होते. तळ्यापाशी त्यांच्या घरासमोर उतरले, दोन पावलं गेले, परत आले आणि म्हणाले, ‘पुढच्या वर्षी ओवा तू आण. मी विसरेन कदाचित.’ आजवर ते ओवा कधीच विसरलेले नाहीत.

पायात एक काळी आणि एक तपकिरी चप्पल होती. फाटक कुठल्या बाजूने उघडतं ते आठवत उभे असल्यासारखे ते क्षणभर थांबले. मी गाडी बंद करून उतरलो असतो तर चार पावलांचं अंतर होतं. मी गाडी बंद केली नाही.

हे लिहून काढायला मला तीन आठवडे लागले, आणि लिहिलं म्हणजे काही मोठं केलं असं नाही. कागदासमोर माझं तोंड उघडतं हे मला आता कळलंय, माणसासमोर अजून उघडलेलं नाही. सरांना मी एक वाक्य देणं लागतो: ती बाटली मी भरली होती. हर्षदाला आणि तिच्या आईला एक माफी देणं लागतो, माझ्या तोंडून मागितलेली. यांतलं अजून काहीही मी दिलेलं नाही.